दगडाचा फोटो कसा काढावा?

"बीडमध्ये फोटो काढण्यासारखं आहे तरी काय? नुसते दगड!" असं होस्टेलवर कोणीतरी म्हणालं. म्हणून फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्ही चौघे दोन बाइकवर दगडांचेच फोटो काढायला निघालो. (मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे मराठीत चूकभूल द्यावी घ्यावी.)

बीड जिल्हा वाळवंट नाही, पण पर्जन्यछायेतला आहे. बालाघाटच्या डोंगरांवर झाडी कमी, त्यामुळे खडक उघडा दिसतो. हा सगळा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. मऊ थर लवकर झिजतो, टणक टिकतो, म्हणून डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' मधला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का! तो पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय.

पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला पोचलो तेव्हा भर दुपार होती. विंचरणा नदी इथे खोल दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं मंदिर आहे. ४० फोटो काढले, सगळे फसले! त्यातून शिकलो ते असं:

१. ऊन तिरपं हवं. दुपारी सावल्या पडत नाहीत, दगड सपाट दिसतो. सकाळी किंवा संध्याकाळी भेगा, थर सगळं उठून दिसतं.

२. कॅमेऱ्यावर विसंबू नका. त्याला सगळं जग मध्यम करडं वाटतं, म्हणून तो काळा दगड राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा. मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट ठेवून उजेड खाली ओढा.

३. माप ठेवा. बेसॉल्टचे गोटे कांद्यासारखे पापुद्रे सोडतात. शेजारी बाटली किंवा माणूस नसेल तर गोटा चेंडूएवढा की बैलाएवढा, कळतच नाही.

संध्याकाळी मित्राच्या गावी मुक्काम. त्याच्या वडिलांची विहीर कोरडी होती. कडेला उभं राहिलो आणि जिऑलॉजीचा अख्खा चॅप्टर समोर! वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि तळाला अखंड काळा पाषाण. उन्हं तळापर्यंत पोचत नव्हती, पण थर दाखवायला एकसारखी सावलीच बरी.

"रिकाम्या विहिरीचा फोटू कशाला रे पोरांनो?" काका हसले. मी म्हणालो, "काका, मापासाठी जरा खाली उभे राहता?" ते उतरले. काळा थर त्यांच्या जवळजवळ तिप्पट उंच होता.

"हे पंधरा फूट कर्ज काढून खणले," ते खालून म्हणाले. "पाणी लागलं नाही."

पाणी मुरतं मुरमात आणि भेगांत. अखंड पाषाणात भेग नसेल तर कितीही खणा, उपयोग नाही. हे आम्ही दुसऱ्या सेमिस्टरला पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. काकांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

तर मित्रांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा मालकाला विचारून एका विहिरीचा फोटो काढा. कडेपासून लांब राहा. माप ठेवा, थरांची नावं गावकऱ्यांकडून लिहून घ्या. त्याच जागेवरून जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा काढा. पाणी कोणत्या थरापर्यंत चढतं, कुठे उतरतं, ते दिसेल. आणि पुढचे पंधरा फूट खणण्याआधी ते फोटो विहिरीच्या मालकाला नक्की दाखवा.