मनगटाची इजा, नामंजुरीचं पत्र आणि अपिलाचा हक्क



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली, वही बंद झाली, तरी एक ताई बसूनच राहिल्या. त्यांनी पिशवीतून एक जुनं पत्र काढलं. त्यांचे पती सोळा वर्षं फौजेत होते. ड्युटीवर पडून उजवं मनगट मोडलं. साधी पेन्शन चालू आहे, पण आज त्यांना गाईची धार काढता येत नाही की भरलेली बादली उचलता येत नाही. डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज मात्र नामंजूर झाला. पत्र इंग्रजीत, म्हणून दोन वर्षं पेटीतच. ताई म्हणाल्या, "साहेबांनीच नाही म्हटल्यावर आपण काय करणार?"

आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागात कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजी आहे. म्हणून आजचा पाठ याच प्रश्नावर.

नामंजुरी कशावरून होते?

फौजी घरी येण्याआधी मेडिकल बोर्ड त्याची तपासणी करतं. बोर्ड दोन गोष्टी ठरवतं.

पहिली, ही इजा किंवा आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे वाढला का? पत्रात ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’ असे शब्द असले, तर अर्थ असा की बोर्डाच्या मते दोन्ही नाही.

दुसरी, अपंगत्व किती टक्के? नोकरी पूर्ण करून आलेल्याला किमान २० टक्के लागतात.

म्हणून पत्र आलं की आधी हे बघा, आपला अर्ज यातल्या कोणत्या कारणावर अडला? अपिलात उत्तर त्याच कारणाला द्यायचं. "आम्ही गरीब आहोत" एवढंच लिहून अपील चालत नाही.

मनगटाचं दुखणं अवघड का?

मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं लहान हाड असतं. ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. लचक समजून पट्टी बांधतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते नीट जुळलं नाही तर काही वर्षांनी सांधा झिजतो, मूठ वळत नाही. मग बोर्डासमोर प्रश्न येतो, ही झीज वयाची की त्या जुन्या इजेची? याचं उत्तर इजा झाली त्या वेळच्या कागदात असतं. युनिटचा इजेचा अहवाल, दवाखान्याची नोंद, एक्स-रे. बोटांना मुंग्या येणं, पकड सैल होणं असा त्रास त्याच इजेतून सुरू झाला असेल, तर तोही डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि अपिलात मांडा.

कोर्टानं काय म्हटलंय?

धरमवीर सिंग हे १९८५ मध्ये भरती झालेले जवान. फिट्सच्या आजारामुळे त्यांना १९९४ मध्ये घरी पाठवलं आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तो असा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. पुढे आजारामुळे काढलं, तर तब्येत नोकरीमुळे बिघडली असं मानायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारण लिहायला हवं. पुराव्याचं ओझं जवानावर नाही. हा आजाराचा खटला होता, पण नुसतं ‘संबंध नाही’ लिहून भागत नाही, हे त्यातून आपल्याला कळतं.

दुसरा निकाल राम अवतार यांच्या खटल्यातला, २०१४ चा. नोकरी पूर्ण करून आलेल्यांनाही टक्केवारी वर धरण्याचा लाभ मिळाला. म्हणजे पात्र ठरलेल्याचे २० टक्के हिशेबात ५० धरले जातात. रक्कम अडीच पट होते.

पण सगळेच निकाल आपल्या बाजूचे नाहीत. जुझार सिंग यांचा अपघात रजेवर असताना झाला होता. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, इजेचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. त्यांना डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली नाही. त्यामुळे इजा कुठे, कधी, काय काम करताना झाली ते खरं तेच लिहा. आणखी एक, २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी त्या नियमांप्रमाणे सल्ला घ्यावा.

पायऱ्या अशा चढायच्या

१. पत्र ज्या दिवशी हातात आलं ती तारीख पत्रावरच लिहा. पाकीट फेकू नका.

२. रेकॉर्ड ऑफिसकडे मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

३. सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करा. उशीर झाला असेल तर कारण लिहून करा. तेही फेटाळलं तर दुसरं अपील आहे.

४. त्यानंतर सैन्य दल न्यायाधिकरण, ज्याला लोक एएफटी म्हणतात. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. जवान हयात नसेल तर पत्नी आणि वारसही तिथे जाऊ शकतात.

खूप वर्षं झाली म्हणून आशा सोडू नका. तरसेम सिंग यांच्या खटल्यात २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला होणारा अन्याय आहे. पण थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे जितका उशीर, तितकं आपलंच नुकसान.

मदतीसाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि हे लक्षात ठेवा, १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा कार्यालय असतं, तिथे विचारा. "पेन्शन मिळवून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाच्या हाती मूळ कागद देऊ नका.

त्या ताईंनी आता बोर्डाचे कागद मागवलेत. निकाल काय लागेल ते आज सांगता येणार नाही. पण पत्र पेटीतून बाहेर आलंय.

पुढच्या बैठकीत बोलूया

• आपल्या गटात फौजीचं घर कुणाचं? त्यांच्याकडे नामंजुरीचं पत्र आहे का?
• पत्रावर तारीख आणि कारण काय लिहिलंय?
• इजेच्या वेळचे कोणते कागद घरात आहेत? यादी करून गटाच्या वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत मला दाखवा.