तीळ : ओळखीची खूण आणि आरोग्याची सूचना
(आरोग्यशिक्षण : इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

प्रत्येक शिक्षकाच्या सेवापुस्तकात शरीरावरील ओळखीच्या खुणा नोंदविलेल्या असतात. ‘उजव्या गालावर तीळ’, ‘डाव्या मनगटावर तीळ’ अशा नोंदी आपल्या परिचयाच्या आहेत. नोकरीच्या आरंभी लिहिलेली ही खूण सेवानिवृत्तीपर्यंत चालते. कारण तीळ सहसा बदलत नाही, असा सर्वांचा अनुभव आहे. आरोग्याच्या दृष्टीनेही हा अनुभव मोलाचा आहे. जी खूण स्थिर म्हणून ओळखीसाठी वापरली जाते, ती बदलू लागली तर त्या बदलाची दखल घेतलीच पाहिजे. प्रस्तुत पाठाचे सार हेच होय.

१. तीळ म्हणजे काय?

त्वचेमध्ये मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्या एखाद्या ठिकाणी पुंजक्याने वाढल्या म्हणजे तेथे तीळ दिसतो. काही तीळ जन्मतःच असतात. बहुतेक बालपणी व तारुण्यात उमटतात. शरीराच्या वाढीबरोबर तीळ किंचित मोठा होणे, वयात येताना अथवा गरोदरपणी तो थोडा गडद होणे, त्यावर केस असणे, ही भयाची लक्षणे नव्हेत. तिळाच्या जागेवरून भाग्य सांगण्यास शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही. तिळावरून मुलाला टोपणनाव पडत असेल, तर शिक्षकाने ते वेळीच थांबवावे.

२. दखल घेण्याजोगे बदल

फार थोड्या प्रसंगी या रंगपेशींपासून मेलॅनोमा नावाचा कर्करोग उद्भवतो. मुलांमध्ये तो अत्यंत विरळ आहे. परंतु हा पाठ मुलांच्या द्वारे घरातील मोठ्या माणसांपर्यंत पोहोचवावयाचा आहे. पुढील पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) आकार : तिळाचे एक अर्ध दुसऱ्या अर्धाशी न जुळणे.
(आ) कड : कड वेडीवाकडी किंवा अस्पष्ट असणे.
(इ) रंग : एकाच तिळात काळा, तपकिरी, तांबूस, निळसर असे अनेक रंग दिसणे.
(ई) व्यास : सुमारे ६ मिलिमीटरहून, म्हणजे साधारण शिसपेन्सिलीच्या जाडीहून मोठा असणे.
(उ) बदल : काही आठवड्यांत वा महिन्यांत वाढणे, खाजणे, चिघळणे अथवा रक्त येणे.

यांपैकी पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चाळिशीनंतर नव्याने उमटून वाढणारा काळा डाग आणि जन्मतःच असलेला फार मोठा तीळ हेही डॉक्टरांना दाखवावेत.

३. आपल्याकडे कोठे पाहावे?

सावळ्या त्वचेच्या लोकांत हा रोग कमी आढळतो. पण जेव्हा होतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. अनवाणी काम करणारा शेतकरी तळपायावरील काळा डाग काटा मोडल्याची खूण समजून सोडून देतो. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग आढळला. तेथे फुटबॉल खेळताना इजा झाली असावी, असा आधी समज होता. १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

न बरी होणारी जखम हीही तितकीच महत्त्वाची सूचना होय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या काचामुळे कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. लुगड्याच्या गाठीमुळेही असा रोग झाल्याचे पुढे नमूद झाले आहे. कमरेवरील पट्टा जाड, पांढरट किंवा जखमी झाल्यास गाठ सैल करावी, तिची जागा बदलावी व तपासणी करून घ्यावी. तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी भाजल्याचे जुने व्रण अनेकांच्या अंगावर असू शकतात. असा व्रण वर्षानुवर्षांनी पुन्हा फुटून भरून येत नसेल, तर त्यातही कर्करोगाची शंका घ्यावी लागते.

फिकट किंवा लालसर आणि स्पर्श न कळणारा चट्टा हा तीळ नव्हे. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य उपचार मिळतो.

४. तीळ काढणे

निरुपद्रवी तीळ काढण्याची आवश्यकता नसते. तो दाढी करताना कापत असेल, कपड्याने घासत असेल, किंवा विद्रूप वाटत असेल, तर डॉक्टर जागा बधिर करून तो थोड्या वेळात काढतात. चुना व सोडा लावणे, घोड्याचा केस बांधणे, आम्लाने जाळणे हे उपाय सर्वथा टाळावेत. त्यांनी जखम चिघळते. आणि तीळ संशयास्पद असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचा पुरावाच नष्ट होतो. काढलेला संशयित तीळ प्रयोगशाळेत तपासलाच पाहिजे.

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत येणाऱ्या पथकाला शंका सांगावी. शेजारच्या बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांसाठी १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगू लागले, आणि रोगी पूर्वीपेक्षा लवकर रुग्णालयात येऊ लागले. लोकशिक्षणाचे हे फळ आपल्या परिसरातच पाहावयास मिळते.

५. वर्गातील उपक्रम

प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हातावरील एक तीळ मोजपट्टीने मोजावा, वहीत त्याची आकृती काढून रंग व दिनांक लिहावा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावा. अंगावरील झाकलेले भाग वर्गात पाहू नयेत. ते घरी आईवडिलांनी पाहावेत. आजी-आजोबांचे तळपाय मुलांनी घरी उजेडात पाहावेत. शिक्षकाने निदान करू नये व कोणास भय घालू नये. केवळ योग्य ठिकाणी पाठवावे.

प्रश्न

१. सेवापुस्तकात ओळखीसाठी तीळ का नोंदवितात?
२. तिळातील कोणते बदल डॉक्टरांना दाखवावेत?
३. तळपाय व नखे यांची पाहणी का आवश्यक आहे?
४. घरी तीळ जाळून काढल्यास कोणते दोन तोटे होतात?