खेळता खेळता बाळ बोलू लागतं



या महिन्याचा पाठ आपल्या घरातल्या तीन वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी आहे. बाळाचं वजन वाढलं का, लस टोचली का, हे आपण बघतो. पण दिवसभरात त्याच्याशी कोण किती बोललं, हे कोणी बघत नाही. कपाशी वेचणीच्या दिवसांत आई सकाळी शेतात जाते ती दिवेलागणीला येते. बाळ आजीजवळ, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. रडलं की हातात मोबाइल. बाळ गप्प होतं, आपल्यालाही बरं वाटतं. पण बोलायला शिकायचे दिवस त्यातच निघून जातात.

मोबाइल बोलतो, पण ऐकत नाही. बाळ "बा" म्हणालं की आपण वळून म्हणतो, "बाबा? बाबा शेतात गेले." बाळाने काही म्हणायचं आणि आपण उत्तर द्यायचं, यातूनच बोलणं येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला बसवून स्क्रीन दाखवू नये, आणि एक वर्षानंतर मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी.

वेळ कुठून आणायचा?

वेगळा वेळ लागत नाही. रोजची कामं करता करताच हे जमतं.

• मालिश, आंघोळ : नाक, कान, पाय यांची नावं घेत अंग चोळा. लहान बाळ जागं असताना आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथं ठेवा. मान आणि पाठ बळकट होते.
• स्वयंपाक : चुलीपासून लांब बसवून पिठाचा गोळा द्या. दाबणं, लांबवणं, तोडणं यातून बोटांत ताकद येते. पुढे पेन्सिल धरायला तीच लागते.
• कपड्यांच्या घड्या : "हा कोणाचा सदरा? बाबांचा. मोठा आहे ना?" असं विचारत जा.
• अंगण : चिंध्यांचा चेंडू, रिकामी टोपली, झाकणाचा डबा द्या. ढकलू द्या, उंबरा चढू द्या. सारखं कडेवर असलेलं बाळ रांगणार कधी? आत बसवायचा वॉकर नको. मागून ढकलायचा पांगुळगाडा चालेल, पण जवळ कोणीतरी हवं.

शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, बटणं मात्र खेळायला देऊ नका. घशात अडकतात.

बोलताना एक वाक्य बोला आणि थांबा. मनात पाच आकडे मोजा. बाळाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. ते "पापा" म्हणालं तर "नीट बोल" म्हणून दटावू नका, हसू नका. "हो, पाणी पाहिजे. घे, गार पाणी," एवढं म्हणा. त्याच्या एका शब्दाला आपले दोन जोडले की झालं.

अहिराणी बोलू का?

जरूर बोला. घरात अहिराणी बोललं तर पोरगं शाळेत मागे पडेल, ही भीती खोटी आहे. आजीच्या तोंडात जी भाषा आहे, तिच्यातच गोष्टी आहेत, लाड आहेत. "आठे ये" समजणारं लेकरू "इकडे ये" पण शिकतं. मुलं दोन भाषा सहज सांभाळतात.

विकतचे खेळ नसले तरी अडत नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला गावातल्या गरीब मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पानं, शिंपले, बिया हेच शिकवायचं साहित्य. 'अंगणवाडी' हे नाव तिथूनच आलं.

कधी थांबायचं नाही?

"याचा बापही उशिराच बोलला", "जीभ जड आहे" असं म्हणत वर्ष घालवू नका. पुढचं काही दिसलं तर लगेच विचारा :

• नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही.
• वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही.
• दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, किंवा एकही शब्द बोलत नाही.
• दोन वर्षांचं झालं तरी "आई ये" असे दोन शब्द जोडत नाही.
• येत असलेलं बोलणं बंद झालं.

पुष्कळदा अडचण जिभेत नसते, कानात असते. ऐकूच आलं नाही तर बोलणार काय? म्हणून कान आधी तपासून घ्या. अंगणवाडीताईला किंवा आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तपासणी मोफत असते, आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याला पाठवतात. जितकं लवकर कळेल तितका उपयोग जास्त. यात आईचा काही दोष नाही, आणि सुनेला बोल लावून बाळ बोलायला लागत नाही.

गटासाठी काम : पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका बाळाविषयी सांगायचं. ते काय खेळलं, कोणता नवा शब्द बोललं? एखादं बाळ मागे वाटलं, तर त्याच्या आईसोबत अंगणवाडीत कोण जाणार, ते त्याच बैठकीत ठरवा. तिला एकटीला पाठवू नका.