अरुंद रुळांवरील गुरांची वाघीण

कल्याण स्थानकापुढें आगगाडीचा मार्ग दुभंगतो. एक फांटा कसाऱ्याकडे वळतो. दुसरा कर्जत व पुणें यांवरून सोलापुराकडे जातो. या दुसऱ्या वाटेवर कुर्डुवाडी लागते. तेथून १८९७ सालीं बार्शीपर्यंत एक लहान आगगाडी सुरू झाली. मोठ्या मार्गाच्या रुळांत साडेपांच फुटांचें अंतर, तर हिच्या रुळांत अवघें अडीच फुटांचें! पुढें ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ सालीं मिरज येथपर्यंत पोंचली. १९५४ सालीं सरकारनें ती विकत घेतली. आतां ते मार्ग रुंद झाले असून लहान गाडी इतिहासजमा झाली आहे.

तिचे योजक एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचे अभियंते होते. कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं नये आणि वाघिणींचे सांगाडे २५ फूट लांबीच्या एकाच मापाचे असावेत, असें त्यांनीं ठरविलें. त्यामुळें हलके रूळ पुरत व खर्च वांचे.

धान्याचें पोतें छपरापर्यंत रचतां येतें. जिवंत जनावराची थप्पी लागत नाहीं. रुंद गाडींतून अरुंद गाडींत पोतें हमालाच्या पाठीवरून जातें. जनावर आपल्याच पायांनीं डबा बदलतें. परंतु त्यास चढावयास उतरण, श्वासास वारा, प्यावयास पाणी आणि पायांखालीं गवत हवें.

मग एका वाघिणींत गुरें किती घालावीं? पशुवाहतुकीच्या १९७८ सालच्या नियमांनीं रुंदमापी मार्गावर १०, मीटरमापीवर ६ आणि अरुंदमापीवर केवळ ४ प्रौढ गुरांची मर्यादा घातली. वासरांसाठीं हेच आंकडे १५, १० व ६ असे आहेत. तळाशीं गवताचा थर ६ सेंटिमीटरांहून कमी नसावा आणि प्रत्येक वाघिणींत एक तरी राखणदार असावा, असेंहि त्यांत सांगितलें आहे.

येथें थोडें गणित करूं. एका बैलाचें वजन ४०० किलो धरलें, तर चार बैलांचें १६०० किलो, म्हणजे दोन टनांहूनहि कमी भरतें. चार आंसांची वाघीण याहून कितीतरी अधिक भार सहज वाहते. तेव्हां मर्यादा रुळांच्या बळाची नव्हे. उभें राहण्यास लागणाऱ्या जागेची आहे. लोभी मनुष्य वजनाकडे बोट दाखवून आणखी चार गुरें कोंबील. म्हणूनच दयेलाहि आंकड्यांत बांधावें लागलें.

कॅलथ्रॉप स्वतः अश्वप्रेमी होते. घोड्याला सोबती व मित्र मानणारें त्यांचें पुस्तक १९२० सालीं प्रसिद्ध झालें. मुक्या प्राण्याला तक्रार करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें मोजणारा कोणीतरी असावा लागतो, हें आपण ध्यानांत ठेवावें.