प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : पोट उघडून की दुर्बिणीने?

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले की आपल्या जिल्ह्यातील रुग्णांचे नातेवाईक बहुधा हाच प्रश्न विचारतात. त्यात एक घोटाळा दडलेला असतो. गावातील कोणा वडीलधाऱ्याची लघवी अडल्यामुळे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी खरवडलेली असते. तीही ‘दुर्बिणीचीच’ शस्त्रक्रिया. परंतु ती साध्या वाढीसाठी असते. तीत ग्रंथीचा आतला भाग निघतो, बाहेरचा राहतो. आणि कर्करोग बहुतांशी या बाहेरच्या भागातच उद्भवतो. कर्करोग समूळ काढावयाचा तर संपूर्ण ग्रंथी शुक्राशयांसह काढावी लागते. हे काम ओटीपोटावर छेद घेऊन होते, तसेच लहान छिद्रांतून, यंत्रमानवाच्या म्हणजे रोबोच्या साहाय्यानेही होते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३२६ पुरुषांची, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गटांत विभागणी करून या पद्धतींची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोबोच्या गटात रक्तस्राव कमी झाला व रुग्णालयातील मुक्काम घटला. मात्र लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांत जवळपास सारखीच आढळली. प्रत्येक गटाची जबाबदारी एकेका शल्यविशारदाकडे होती. त्यामुळे यंत्राइतकीच हातांचीही ती परीक्षा होती, असे आम्हांस वाटते. लैंगिक क्षमतेशी संबंधित मज्जातंतू वाचविण्याची रीतही १९८२ मध्ये अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी उघड्या शस्त्रक्रियेतच सिद्ध केली होती.

म्हणून केवळ रोबोसाठी शेत विकण्याचे कारण नाही. शल्यविशारद अशा किती शस्त्रक्रिया करतात, हे आधी विचारावे. त्याहूनही आधी रोग हाडांत पसरला आहे काय, हे पाहावे. उशिरा आलेल्या, कंबर व पाठ दुखणाऱ्या वृद्धांत तो पुष्कळदा पसरलेला असतो. तेथे ग्रंथी कोणत्याही पद्धतीने काढल्याने रोग जात नाही. अशा वेळी पुरुषी संप्रेरक रोखणारे उपचार, इंजेक्शने किंवा अल्प खर्चात होणारी वृषण काढण्याची शस्त्रक्रिया, अधिक उपयोगी पडतात व वेदनाही पुष्कळ कमी होतात.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाताना पीएसएचे सर्व जुने अहवाल, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि शिधापत्रिका सोबत न्यावी. काचपट्ट्या मागून घेण्याचा रुग्णास हक्क आहे.