बोटीचे झिजणारे सुटे भाग : कारागिरांसाठी काही माहिती

मालाड पश्चिमेला मालवणीच्या पुढे मार्वे, मढ आणि मनोरीची खाडी लागते. तेथील मच्छीमारांच्या होड्यांना दुरुस्ती सतत लागते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्तीचा खरा हंगाम तोच. मोटारीचे काम जाणणाऱ्या आपल्या फिटर व वेल्डर बांधवांना हे काम जमण्यासारखे आहे. मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यावी. बोटीतील काही स्वस्त भाग झिजण्यासाठी किंवा तुटण्यासाठीच बसवलेले असतात. ते ‘मजबूत’ करायला गेलो तर मागचा महाग भाग निकामी होतो.

१) जस्ताचा तुकडा : खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यातील एक धातू गळू लागतो. जस्त स्वतः गळून पंखा व शाफ्ट वाचवते. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ब्रिटिश जहाजांच्या तळाचे तांबे वाचवण्यासाठी हाच मार्ग सुचवला होता. जस्त निम्मे झिजले की बदलावे. त्यावर रंग कधीही लावू नये आणि बसवण्याची जागा घासून स्वच्छ करावी.

२) पंख्याची पिन : लहान व जुन्या आउटबोर्ड इंजिनांत पंखा खडकावर आपटला की ही पिन तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकू नये. नाखव्याला दोन जादा पिना सोबत द्याव्यात.

३) पंपाचा रबरी इम्पेलर : खाडीच्या गाळाने तो लवकर झिजतो. इंजिन पाण्याबाहेर कोरडे चालवल्यास थोड्याच वेळात जळतो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की पंप उघडावा. हंगामापूर्वी नवा इम्पेलर घालणे उत्तम.

४) ग्लँडची डोरी : शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पाणी यायलाच हवे, त्याने डोरी थंड राहते. थेंब पूर्ण बंद होईपर्यंत नट आवळल्यास शाफ्टवर खाच पडते. डोरी गुंडाळून भरू नये. वेगवेगळी कडी कापावीत आणि त्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत.

५) ट्रेलरचे ऑइल सील : दूरवरून आलेल्या ट्रेलरचा हब तापलेला असतो. तो तसाच पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. आधी हब थंड होऊ द्यावा. सील बदलताना पाण्यात न विरघळणारे ग्रीस भरावे.

व्यापारी बांधवांनाही एक सांगणे आहे. समुद्रासाठी ३१६ दर्जाचे स्टेनलेस लागते. त्यात मॉलिब्डेनम असते, ३०४ मध्ये ते नसते. दोन्ही दिसायला सारखेच आणि लोहचुंबकाने फरक कळत नाही. म्हणून माल घेताना दर्जा लिहिलेले बिल मागावे आणि गिऱ्हाइकालाही तसेच बिल द्यावे. रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस उतरून चालत घरी येतो. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर खलाशांचा जीव आपण बसवलेल्या त्या लहानशा भागावर असतो.