तिथी बघा, मग निघा

अंधेरीला लोकल पकडताना घड्याळ बघतात, धक्क्यावर जाताना तिथी बघायची. एवढं एक ऐकलंत तरी आत्याचं काम झालं.

तुम्ही दोघं भाऊच्या धक्क्यावर मोटारसायकल रो-रोत चढवणार, मांडव्याला उतरणार आणि मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळ्याला पोचणार, हे ऐकून मला फार बरं वाटलं. कोकण असंच बघावं, पाण्याकडून.

पण आधी एका रविवारी वर्सोव्याला जा आणि होडीने मढला उतरून परत या. पाच-दहा मिनिटांची तर खाडी, रस्त्याने जायचं तर मालाड-मार्व्याला वळसा. कोणाला बोट लागते ते तिथेच कळेल. लागत असेल तर उपाशीपोटी चढू नका. कोरडी पोळी खा, दुधाचा चहा नको, तळलेलं तर नकोच. आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात धरा, बोटीच्या मधोमध बसा आणि नजर लांब किनाऱ्यावर ठेवा. मोबाईलमध्ये डोकं घातलं की पोट ढवळलंच म्हणून समजा.

आता तिथीचं गणित. पंधरवड्यातली जी तिथी असेल, तिची पाऊणपट करा. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती, पहाटेचीही साधारण तेव्हाच. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तिथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या आसपास, म्हणजे आठला निघा आणि दहाच्या आत वाळूवर परत या. किल्ल्यात रमलात तर परतीचं पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. अष्टमीच्या आसपास चालत जायचा हट्ट नको. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसं नीट ओसरतही नाही. आणि हरिहरेश्वरला समुद्राकडून प्रदक्षिणेची वाट आहे, ती फक्त ओहोटीतच करायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती नेमकी दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे लोक दर्शन आटोपून प्रदक्षिणेला निघतात तेव्हाच. त्या खडकांवरून लाटेने माणसं नेली आहेत. तिथे देवाला बाहेरूनच नमस्कार केला तरी पोचतो.

बोटीत चढण्या-उतरण्याचं मी १९६८ साली शिकले. लग्न होऊन पहिल्यांदाच अंजर्ल्याला सासरी निघाले होते, कोकणबोटीने. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर नांगर टाकी आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर जात. मी खाली बघितलं तर पडाव हातभर खाली जात होता आणि हातभर वर येत होता. अंगावर नवी नऊवारी, पाय लटपटत होते. खालचा म्हातारा खलाशी ओरडला, "वयनी, वर येल तवा पाय टाका, आन् बोटं नको, मनगट धरा!" लाट पडावाला उचलून अगदी पायरीशी घेऊन आली, तेव्हा मी पाय टाकला. बोटं घामाने निसटतात, मनगटाला मनगट धरलं की सुटत नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जाल, तिथे किल्ल्याच्या दारात उतरताना हेच करा. सूनबाई, तू आधी उतर, याने सामान मागून द्यावं. हातात पिशवी घेऊन कुणीच उतरू नये.

फेरीबोटीच्या रॅम्पवर ओहोटीत शेवाळ असतं. मोटारसायकलवर एकट्यानेच बसायचं, दुसऱ्याने चालत यायचं.

जून ते ऑगस्ट हा बेत काढूच नका. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येला, रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जात नाहीत, ते उगाच नाही. थंडीचे दिवस उत्तम, आणि खाडी शक्यतो सकाळीच ओलांडा, दुपारनंतर वारा चढतो. तांडेल "आज नको" म्हणाला की ते शेवटचं. हॉटेलचे पैसे बुडाले तरी चालतील.

मुक्कामाला घरगुती खानावळ बघा, पण जेवणार असल्याचं सकाळीच कळवा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, बघायला नक्की जा, मात्र गाडी वाळूवर उभी करू नका. भरती आली की चाकं रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

निघायची तारीख ठरली की कॅलेंडर उघडा आणि मला फोन करा. त्या दिवशी मांडव्याला भरती किती वाजता, ते तुम्ही दोघांनी काढून मला सांगायचं.